दीडशेचं स्टिकर, शंभराची बॅटरी

मे महिना, पारा ४५ वर आणि भरदुपारी लाईन गेलेली. नागपुरात मानेवाड्याकडच्या एका घरी इन्व्हर्टरवर कूलर, एक पंखा, तीन एलईडी आणि राऊटर, मिळून ३०० वॅट. बॅटरी विकताना दुकानदाराने हिशोब मांडून दिला होता: १२ व्होल्ट गुणिले १५० एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची कपॅसिटी) म्हणजे १८०० वॅट-तास, भागिले ३००, सहा तास बॅकअप. बॅटरी दोन तासांत बसली.

सहा तास तर अस्सल बॅटरीनेही दिले नसते. १५० एएच हा आकडा सी२० चा, म्हणजे बॅटरी २० तासांत सावकाश उतरवून मोजलेला: साडेसात अँपिअरने २० तास, १०.५ व्होल्टपर्यंत. इन्व्हर्टरमध्ये २० टक्के वाया जातात असं धरलं, तर ३०० वॅटसाठी बॅटरीतून ३१ अँपिअर ओढले जातात. एवढ्या ओढीला लेड-ॲसिड बॅटरी जेमतेम ११० एएच देते. म्हणजे साडेतीन तास. तक्रार नेली की दुकानदार हेच पुढे करतो, "भाऊ, लोडच जास्त आहे तुमचा." मग उरलेल्या दीड तासाचं कोणी विचारतच नाही. ३१ अँपिअरला दोन तास, ही १०० एएचच्या बॅटरीची चाल आहे.

"उन्हानं कपॅसिटी उतरली" हेही ऐकवतात. साफ खोटं. उष्णतेत कपॅसिटी किंचित वाढते, आयुष्य घटतं.

मग ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवून १२४० दाखवतात, मल्टिमीटरवर १२.७ व्होल्ट. त्यावरून बॅटरी भरलेली आहे एवढंच कळतं. लोटाही काठोकाठ भरतो आणि हंडाही.

खरं काय ते वजन सांगतं. १५० एएचची उंच ट्यूब्युलर बॅटरी ॲसिडसकट साधारण ५० किलोच्या वर भरते. नेमका आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. ही भंगारवाल्याच्या काट्यावर ३८ भरली. झाकणावरचा सिरियल नंबर पॉलिश पेपरने घासलेला, स्टिकर मात्र कोरं करकरीत.

घरी तपासायचं तर रात्रभर चार्ज करा. सकाळी मेन बंद करून १०० वॅटचे तीन पिवळे बल्ब लावा. कूलर नको, मोटारीचा लोड हलतो. डीसी क्लॅम्प मीटर बॅटरीच्या केबलवर धरून दर १५ मिनिटांनी अँपिअर आणि मल्टिमीटरवरचे व्होल्ट लिहा. १०.५ व्होल्टला थांबा, त्याखाली प्लेटा खराब होतात, आणि लगेच चार्जिंगला लावा. सरासरी अँपिअर गुणिले तास १०० एएचच्या आसपास आले तर माल ठीक. ६०-६५ आले तर तो कागद, काट्याची पावती आणि सिरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल घेऊन दुकान गाठा. कच्च्या बिलावर वॉरंटी लागत नाही.