पैसे देऊन घेतलेली निळी खूण: अकरा महिन्यांचा अनुभव

गोव्यातल्या फोंड्यात आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रकं, उत्सवातल्या नाटकांच्या जाहिराती, बिलबुकं, गणेशोत्सव मंडळांची पावतीबुकं अशी कामं. आजोबांनी सुरू केला, बाबांनी वाढवला, गेली एकवीस वर्षं मी बघते. गिऱ्हाईक आता अर्धंअधिक मोबाइलवरून येतं, म्हणून आमचंही एका मोठ्या सोशल मीडिया कंपनीवर पेज आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. पेज खरंच आपलं आहे हे दाखवणारी निळी खूण पैसे भरून घ्यावी की नाही, असं गेल्या वर्षभरात मला निदान आठ-दहा व्यावसायिकांनी विचारलं, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मी ती घेतली सप्टेंबर २०२४ मध्ये. त्याआधीच्या चवथीला कुणीतरी आमच्याच नावाचं, आमच्याच बोर्डाचा फोटो लावलेलं दुसरं पेज काढलं आणि एका मंडळाकडून पावतीबुकांचे पाच हजार रुपये आगाऊ घेतले. मंडळाचे सेक्रेटरी दुकानात आले तेव्हा मला कळलं. त्यांची चूक नव्हती, माझीही नव्हती, पण नाव आमचं होतं. मी त्यांना पावतीबुकं छापून दिली आणि पैसे घेतले नाहीत. त्याच आठवड्यात भाच्याने खुणेचा अर्ज भरला. महिन्याला हजाराच्या आत खर्च यायचा. त्या बदल्यात नावापुढे खूण, नकली पेजांवर लक्ष आणि "प्रत्यक्ष माणसाशी बोलण्याची सोय" मिळेल असं पानावर लिहिलं होतं. मी पैसे भरले ते मुख्यतः या शेवटच्या ओळीसाठी.

चांगलं आधी सांगते. जानेवारीत पुन्हा एक नकली पेज निघालं. आम्ही कळवलं आणि दोन दिवसांत ते गेलं. पहिल्या वेळी, खूण नसताना, तेच काम व्हायला पाच आठवडे लागले होते. नवीन गिऱ्हाईक खूण बघून निर्धास्त होतं, हेही खरं. मडगावच्या एका बाईंनी मुलीच्या लग्नाच्या पत्रिकांचे पैसे दुकान न बघता पाठवले आणि खूण बघूनच पाठवले असं फोनवर म्हणाल्या. नावाची चोरी होत असेल तर ही सोय कामाची आहे.

आता जूनची गोष्ट. १८ जून हा आमच्याकडे क्रांतिदिन. १९४६ साली त्या दिवशी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया भर पावसात बोलायला उभे राहिले आणि पोर्तुगिजांनी त्यांना पकडलं. लोहिया मागत काय होते? सभा घेण्याचा, बोलण्याचा, छापण्याचा हक्क. त्या काळी गोव्यात लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवल्याशिवाय छापता येत नसे. हे मी पुस्तकात वाचायच्या आधी घरात ऐकलं, कारण आजोबा प्रूफ घेऊन कचेरीत जायचे. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत दोन कागद अजून आहेत. एक जत्रेचं हस्तपत्रक, त्यात "राष्ट्रीय कीर्तन" मधला "राष्ट्रीय" जांभळ्या शाईने खोडलेला. दुसरी एक लग्नपत्रिका. मध्ये गणपतीचा ब्लॉक, खाली "श्री नागेश प्रसन्न", वरच्या दोन्ही कोपऱ्यांत लाल शाईत स्वस्तिक आणि पाठीमागे शिक्का. अक्षरांचे खिळे हाताने जुळवलेले आहेत, "शुभविवाह" मधला "भ" जरा खाली बसलाय. आजोबांकडे त्या मापाचा एकच "भ" धड होता, असं बाबा सांगायचे.

मी त्या पत्रिकेच्या दोन्ही बाजूंचा फोटो सकाळी टाकला. खाली आजोबांची हकिकत पंधरा-वीस ओळींत लिहिली. दुपारपर्यंत तीनशेच्या वर लोकांनी पुढे पाठवला. पेडण्याच्या एका गृहस्थांनी त्यांच्या घरातल्या तसल्याच पत्रिकेचा फोटो खाली जोडला. संध्याकाळी दिवा लावून मोबाइल बघते तर पोस्ट नाही. त्या जागी इंग्रजीत दोन ओळी: द्वेष पसरवणाऱ्या चिन्हाबद्दल मजकूर काढला आहे, तीस दिवस जाहिरात करता येणार नाही.

चिन्ह म्हणजे स्वस्तिक. नाझींचं चिन्ह तिरकं असतं, काळं, लाल कापडावरच्या पांढऱ्या गोलात. आमच्या पत्रिकेवरचं सरळ उभं, चार घरांत चार ठिपके, बाजूला गणपती. आमच्या आळीतलं पाच वर्षांचं पोरसुद्धा ते काय आहे ते सांगेल. यंत्राला सांगता आलं नाही, ते मी समजू शकते. रोज कोट्यवधी फोटो येतात, सगळे माणसांनी बघणं शक्य नाही आणि खरोखरचं विखारी काढायलाच हवं. पण मी "पुन्हा तपासा" हे बटण दाबलं आणि चार मिनिटांत उत्तर आलं: तपासलं, निर्णय कायम. चार मिनिटांत ती वीस ओळींची हकिकत कुणी वाचली? कुठल्या भाषेत वाचली?

मग पैसे भरून मिळालेल्या माणसाकडे गेले. चॅटवर माणूस खरंच आला, नम्र होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने मजकुराचं इंग्रजी भाषांतर मागितलं. मी दिलं. स्वस्तिक म्हणजे काय ते लिहिलं. तो म्हणाला, मजकूर काढण्याचा निर्णय आमच्या विभागाकडे नाही, आम्ही पुढे पाठवतो. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस, पुन्हा भाषांतर, पुन्हा "पुढे पाठवतो". तिसऱ्या दिवशी तिसरा. मी ज्याच्यासाठी पैसे मोजत होते त्या माणसाला काढलेली पोस्ट परत लावण्याचा अधिकारच नव्हता. पैसे भरण्याआधी कंपनीने हे स्पष्ट लिहायला हवं होतं. ही खूण घेणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

जूनअखेर आणि जुलै हा आमचा पावतीबुकांचा हंगाम. चवथ २७ ऑगस्टला होती, मंडळं सहा-सात आठवडे आधी छपाई ठरवतात. जाहिरात बंद म्हणजे नवीन मंडळांपर्यंत आम्ही पोचणारच नाही. जुने लोक फोन करून विचारायचे, "बाय, तुमचें पेज खंय गेलें?" पेज होतं, पण त्यांना दिसत नव्हतं.

यावर घरात जे वाद झाले तेही सांगते, कारण हेच वाद सगळीकडे चाललेत. भाचा बेंगळुरूला एका कंपनीत आहे. तो म्हणाला, "आत्या, त्यांचं दुकान, त्यांचे नियम. घटनेच्या १९व्या कलमातला हक्क सरकारविरुद्ध असतो, कंपनीविरुद्ध नाही. तूपण कुणाचं काम नाकारतेसच ना?" कायद्यापुरतं त्याचं बरंचसं बरोबर आहे. आणि हो, मी नाकारते. गेल्या विधानसभा निवडणुकीत रात्री साडेनऊला एक माणूस आला, पत्रक हवं होतं, खाली कुणाचं नाव नको, दर दुप्पट घ्या म्हणाला. मी नाही म्हटलं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमाप्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो, प्रकाशकाचं दोन ओळखीच्या माणसांच्या सह्यांचं प्रतिज्ञापत्र लागतं. नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मी त्याला तोंडावर, त्याच्या भाषेत, कारणासकट सांगितलं. तो चिडला, पण का नाही ते त्याला कळलं.

आणि आमच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाला बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असतं. काही भलतंसलतं छापलं तर पोलीस आमच्या दारात येणार. या कंपन्यांना मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९व्या कलमाचं संरक्षण आहे: मजकूर लोकांचा, आम्ही फक्त मध्यस्थ, जबाबदारी आमची नाही. ते संरक्षण असावं, नाही तर भीतीपोटी त्या सगळंच काढून टाकतील. पण जबाबदारी नको म्हणून मध्यस्थ, आणि कुणाचं दिसावं, कुणाचं नाही, हे ठरवताना मालक, हे दोन्ही एकाच वेळी मला पटत नाही. मी छापते तेव्हा उत्तर द्यायला बांधलेली असते. जो पैसे घेऊन माझं म्हणणं लोकांपुढे मांडतो, त्याने ते काढताना कारण द्यावं, मला वाचता येईल अशा भाषेत द्यावं, आणि त्या कारणाखाली कुणीतरी उभं असावं. एवढंच माझं मागणं आहे.

भावाचं म्हणणं दुसऱ्या टोकाचं: सरकारनेच ठरवावं काय राहील आणि काय जाईल. ते मला अजिबात नको. ज्या घरात तो जांभळा "राष्ट्रीय" ट्रंकेत जपून ठेवलाय, त्या घरात हे बोलू नये, असं मी त्याला त्याच वेळी म्हटलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या दोन ओळींसाठी अटक झाली. २०१४ मध्ये आपल्या गोव्यात जहाजबांधणीत काम करणाऱ्या एका तरुणावर फेसबुकवरच्या मजकुरासाठीच गुन्हा दाखल झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाने हे चालायचं ते सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. पुढे सरकारने स्वतःबद्दलची खोटी माहिती स्वतःच ठरवणारा तपासणी विभाग आणायचं ठरवलं, तो नियम मुंबई हायकोर्टाने, म्हणजे आपल्याच हायकोर्टाने, सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला. दोन्ही निकालांचा मला आनंद झाला होता.

आजोबांच्या काळाशी मी याची बरोबरी करत नाही. तेव्हा चुकलेला माणूस आग्वादच्या तुरुंगात जायचा, गोव्याच्या मुक्तिलढ्याचे नेते टी. बी. कुन्हांना तर पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात डांबलं होतं. माझं फार तर महिन्याचं काम बुडालं. पण एक गोष्ट आठवत राहते. खोडलेल्या शब्दावर वाद घालायला आजोबा कचेरीत गेले होते. समोर माणूस होता, टेबल होतं. शब्द परत मिळाला नाही, पण कुणी खोडला ते त्यांना ठाऊक होतं.

आता पोस्ट परत कशी आली ते, कारण हा भाग तुमच्या उपयोगाचा आहे. फोंड्यातल्याच एका वकील मैत्रिणीने सांगितलं, चॅट सोड, तक्रार अधिकाऱ्याला लिही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यायची आणि निकाल पंधरा दिवसांत, असं मी तक्रार केली तेव्हा, २०२५ मध्ये, त्या नियमांत होतं. पन्नास लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपनीने स्वतःहून मजकूर काढला तर आधी कारण कळवायचं आणि बाजू मांडायची संधी द्यायची, हेही त्यात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनुसार कंपनीचे नियम इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या आपण निवडू त्या भाषेत मिळायला हवेत. मराठी त्यात आहे, कोकणीही आहे. अधिकाऱ्याच्या उत्तराने समाधान झालं नाही तर तीस दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. ती मार्च २०२३ पासून सुरू आहे आणि सगळं काम ऑनलाइन चालतं. अपिलाची समिती सरकारने नेमलेली आहे, ते मला पूर्ण रुचत नाही. पण दार आहे, ते माहीत असावं.

मी २० जूनला मेल केला. मराठीत लिहिला, खाली इंग्रजी जोडलं. फोटोची लिंक, चारही उत्तरांची चित्रं, पत्रिकेवरच्या स्वस्तिकाचा मोठा केलेला तुकडा आणि नियमांचे क्रमांक. दुसऱ्या दिवशी पोच आली. ३ जुलैला पोस्ट परत लागली, जाहिरातही सुरू झाली. कारण दिलं नाही, चूक झाली असंही लिहिलं नाही. या सगळ्याला एक रुपया लागला नाही. खूण नसलेल्या कुणालाही हेच करता आलं असतं.

म्हणून माझं मत असं. नकली पेजांचा त्रास असेल तर खूण घ्या, पाचपैकी चार गुण. मजकूर काढला गेल्यावर मदत मिळेल म्हणून घेत असाल तर घेऊ नका, त्या सेवेला मी शून्य देते. मराठीत किंवा कोकणीत उत्तर देणारा एक माणूस या कंपनीने पणजीत बसवला तर मी दुप्पट पैसे भरीन.

ऑगस्टच्या मध्यावर मी वर्गणी बंद केली. उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवशी बंद करा. पेज चालू ठेवलंय. पत्रिका आणि ते हस्तपत्रक, दोन्ही आता काउंटरवरच्या काचेखाली आहेत. पेडण्याच्या त्या गृहस्थांनी त्यांच्याकडची पत्रिकाही आणून दिली, ती शेजारी ठेवलीय. बघायचं असेल तर या. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असतं.