पार्क्स कॅनडाचा पास आणि बुकिंग सेवा: रॉकीजच्या रोड ट्रिपला कितपत कामाची?

बॅन्फ, जास्पर, योहो आणि कूटने ही कॅनडाच्या रॉकी पर्वतांतली चार राष्ट्रीय उद्यानं एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे एकाच रोड ट्रिपमध्ये चारही होतात. प्रवेश, तंबूची जागा आणि गर्दीच्या सरोवरांपर्यंतची शटल या तिन्ही गोष्टी पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेकडे आहेत. प्रवेशाचा पास विनाकटकट मिळतो. घोडं पेंड खातं ते बुकिंगमध्ये. म्हणून आधी शटल आणि कॅम्पग्राउंडच्या तारखा पदरात पाडून घ्या आणि मग त्यांच्याभोवती मुक्काम बसवा. उलट क्रमाने गेलात तर अख्खा आराखडा पुन्हा मांडावा लागतो.

पासचं आधी उरकून टाकू. ‘डिस्कव्हरी पास’ १२ महिने चालतो. फॅमिली पासमध्ये एका गाडीतली सात माणसं बसतात आणि त्याचा दर एका प्रौढाच्या पासच्या साधारण दुप्पट असतो. म्हणजे गाडीत दोन मोठी माणसं असली तरी फॅमिलीच घ्यावा. १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश तसाही मोफत आहे. पण तीच सात माणसं दोन गाड्यांत विभागली तर दुसऱ्या गाडीला वेगळा पास लागतो, हे बऱ्याच जणांना गेटवरच कळतं. रोजचे पास काढत गेलात तर साधारण सातव्या दिवशी खर्च वार्षिक पासइतका होतो. चार-पाच दिवसांच्या ट्रिपला रोजचेच बरे. दिवसाच्या पासची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत असते, तेव्हा पहिल्या दिवशी उशिरा पोहोचणाऱ्यांचं नुकसान होत नाही. खरेदीआधी चालू वर्षाच्या सवलती बघाच: २०२५ मध्ये २० जून ते २ सप्टेंबर प्रवेश सगळ्यांना मोफत होता आणि कॅम्पिंगवर २५ टक्के सूट होती. ऑनलाइन घेतलेला वार्षिक पास पोस्टाने येतो, त्यामुळे परदेशातून येणाऱ्यांनी तो गेटवर किंवा माहिती केंद्रावरच घ्यावा.

पासमध्ये काय येत नाही, याची यादी मोठी आहे: कॅम्पिंग, शटल, बॅन्फमधल्या लेक लुईस सरोवराचं पार्किंग, बॅन्फची गोंडोला (रोपवे), गरम पाण्याचे कुंड. शिवाय शेजारचं कननास्किस हे अल्बर्टा प्रांताच्या अखत्यारीत येतं. तिथे गाडी लावायची तर दिवसाला १५ डॉलरचा वेगळा पास घ्यावा लागतो. कॅनमोरजवळचं ग्रासी लेक्सही त्यातच मोडतं.

आता शटल. लेक लुईसजवळच्या मोरेन लेक या सरोवराचा रस्ता २०२३ पासून खासगी गाड्यांना पूर्ण बंद आहे, आणि तो मुळात जूनच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडा असतो. लेक लुईसला गाडी नेता येते, पण उन्हाळ्यात पार्किंग उजाडायच्या आत भरतं. त्यामुळे खरा मार्ग शटलचाच: लेक लुईस स्की रिसॉर्टच्या पार्किंगमध्ये गाडी फुकट लावायची आणि तिथून बस पकडायची. साधारण ४० टक्के जागा वसंतात एकदम खुल्या होतात. उरलेल्या ६० टक्के प्रवासाच्या ४८ तास आधी, सकाळी ८ वाजता. उन्हाळ्यात भारतातल्या घड्याळात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. पहिल्या फेरीत तिकीट हुकलं म्हणून निराश व्हायचं कारण नाही, मोठा वाटा नंतरच येतो. मात्र त्या ४८ तासांच्या खिडकीत लेक लुईस परिसरात दोन दिवस मोकळे असतील तरच तिचा उपयोग. एकच दिवस ठेवला आणि तिकीट मिळालं नाही, तर मोरेन लेक राहिलंच.

तिकीट एकाच सरोवराचं काढा. दोन सरोवरांमधली ‘लेक कनेक्टर’ बस त्यातच येते, दोन तिकिटं घेणं म्हणजे निव्वळ भुर्दंड. जायची वेळ बांधलेली असते, परतीची नाही. परतताना रांगेत उभं राहायचं, म्हणून शेवटच्या बसच्या भरवशावर राहू नये. सूर्योदय पाहणाऱ्यांसाठी पहाटे चार-पाचच्या खास फेऱ्या असतात. मोरेन लेकचा प्रसिद्ध निळा रंग हवा असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका. बर्फ पुरतं वितळून सरोवर भरायला जूनची अखेर उजाडते.

कॅम्पग्राउंडची बुकिंग वर्षाच्या सुरुवातीला, उद्यानानुसार वेगवेगळ्या दिवशी सुरू होते. सकाळी आठच्या आधी वेबसाइटवर हजर असलेल्या सगळ्यांना सोडत काढल्यासारखे क्रमांक मिळतात, त्यामुळे पहाटेपासून ताटकळण्यात अर्थ नाही. पंधरा मिनिटं आधी आलात तरी पुरे. खातं मात्र आदल्या दिवशीच उघडून लॉगिन तपासून ठेवा. मोक्याच्या क्षणी पासवर्ड आठवत बसायची ती वेळ नव्हे.

सगळ्यात महागात पडणारी चूक लेक लुईसला होते. तिथे दोन कॅम्पग्राउंड आहेत. एक तंबूवाल्यांसाठी, त्याला अस्वलांपासून संरक्षण म्हणून विजेचं कुंपण आहे. दुसरं फक्त पक्क्या भिंतींच्या आरव्ही (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) आणि ट्रेलरसाठी. कापडी छताचा फोल्डिंग ट्रेलरही दुसऱ्यात चालत नाही. बुकिंगमध्ये ‘कशात झोपणार’ हा रकाना घाईत भरला, तर रात्री तंबू घेऊन नको त्या दारात उभं राहावं लागतं. दोन्हींजवळून मालगाड्यांचा रूळ जातो, इअरप्लग सोबत ठेवा. आरव्हीवाल्यांनी योहोतल्या टकाकॉ धबधब्याचा रस्ताही आधी तपासावा: वळणं इतकी आवळलेली आहेत की ट्रेलरला बंदीच आहे आणि लांब आरव्हीला एक वळण उलट्या गिअरमध्ये पार करावं लागतं.

या सेवेची मोठी उणीव अशी की कॅम्पिंग, शटल आणि रस्त्यांची स्थिती एका पानावर कुठेच जुळवून दिसत नाही. बॅन्फहून लेक लुईसला जाणाऱ्या जुन्या बो व्हॅली पार्कवेचा १७ किलोमीटरचा तुकडा १ मार्च ते २५ जून रात्री ८ ते सकाळी ८ बंद असतो, प्राण्यांना निर्धास्त फिरता यावं म्हणून. बुकिंग करताना हे कोणी सांगत नाही. त्या काळात पहाटेच्या शटलला निघणाऱ्यांनी सरळ ट्रान्स-कॅनडा महामार्ग धरावा.

लेक लुईस ते जास्पर हा आइसफील्ड्स पार्कवे सुमारे २३० किलोमीटरचा. मोबाइलला बहुतेक वाटेवर रेंज नसते, म्हणून बुकिंगचे कागद आणि नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या. पेट्रोल मध्ये एकाच ठिकाणी, सस्कॅचवन रिव्हर क्रॉसिंगला, लेक लुईसपासून अंदाजे ८० किलोमीटरवर; हिवाळ्यात तेही बंद. नोव्हेंबरपासून हिवाळाभर या रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे असतात. भाड्याची गाडी घेताना ते बसवलेले आहेत का, हे स्वतः वाकून बघा: टायरच्या बाजूवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असतं.

अस्वलांसाठीचा स्प्रे विमानात, अगदी चेक-इन बॅगेतही नेता येत नाही. तो कॅल्गरी किंवा बॅन्फला घ्या आणि डब्यावरची मुदत तपासा. कॅम्पसाइटवर कूलर, भांडी, टूथपेस्टसुद्धा बाहेर ठेवायची नाही, सगळं गाडीत बंद करायचं.