मांजराच्या सर्दीसाठी आणलेले नेब्युलायझर

श्रावणातल्या ओलाव्यात आमची चार वर्षांची चिंगी शिंकू लागली, दुसऱ्या दिवशी तिने ताटलीला तोंडही लावले नाही आणि दवाखान्यात तिचा ताप १०४ अंश फॅरनहाइट भरला. निरोगी मांजराचे तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश असते. अशा सर्दीच्या मुळाशी बहुधा हर्पीस किंवा कॅलिसी विषाणू असतो, असे समजावून डॉक्टरांनी वरून जडलेल्या जिवाणूंच्या संसर्गासाठी डॉक्सिसायक्लिन दिले आणि चोंदलेले नाक सुटण्यासाठी घरी नुसत्या सलाइनची वाफ द्यायला सांगितले. त्यासाठी मेडिकलमधून माणसांचेच कॉम्प्रेसरचे नेब्युलायझर सुमारे दीड हजार रुपयांना आणले.

यंत्र आपले काम चोख करते. कपात ५ मिली सलाइन घातले की दहा-बारा मिनिटे बारीक, थंड धुके येत राहते. दोष एकच, पण मोठा : त्याची घरघर. पहिल्या दिवशी चिंगी कपाटामागे जाऊन बसली, आणि सोबतचा मास्क तर तिने तोंडाजवळही येऊ दिला नाही. मग तिला पिंजऱ्यात बसवून, वर जुनी चादर टाकून, हवेसाठी एक बाजू किंचित उघडी ठेवून नळी आत सोडली आणि यंत्र दाराबाहेर घडी घातलेल्या सतरंजीवर ठेवले. तिसऱ्या दिवशी नाकपुडीवरची वाळलेली खपली मऊ पडली, ओल्या कापसाने अलगद निघाली, आणि त्यानंतर कोमट केलेल्या उकडलेल्या बांगड्याचा वास घेत तिने दोन घास खाल्ले. मांजर वासावर जेवते. नाक बंद असले की त्याचा आहारच थांबतो, आणि दोन-तीन दिवसांच्या उपासानेही यकृतात चरबी साठण्याचा धोका असतो. म्हणूनच आमच्या लेखी हे यंत्र सोय नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

मात्र ते औषधाची जागा घेत नाही. मांजर तोंड उघडे टाकून धापा टाकत असेल, तर वाफेत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा. कपात निलगिरीचे तेल किंवा बाम कधीही घालू नये. डॉक्सिसायक्लिनची गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम होते, म्हणून तिच्यामागून सिरिंजने थोडे पाणी पाजावे. आणि ताप पाहून घरातले पॅरासिटामॉल देण्याचा मोह कुणालाही होऊ नये. मांजरासाठी ते विष आहे, एक गोळीही जिवावर बेतते.

कप आणि नळी दर वेळी धुऊन कोरडी करावी लागते, आणि पावसाळ्यात नळी लवकर सुकत नाही, हा त्रास आहेच. हर्पीसचा विषाणू शरीरात दबून राहतो आणि ताण आला की पुन्हा डोके वर काढतो; दिवाळीपूर्वी घराला रंग लावताना चिंगीला पुन्हा शिंका सुरू झाल्या, तेव्हा डॉक्टरांना विचारून त्याच संध्याकाळी यंत्र लावले. मांजर फारच भित्रे असेल, तर थोडे जास्त पैसे मोजून जवळजवळ आवाज न करणारे मेश प्रकारचे नेब्युलायझर घ्यावे.