टॅरा ब्रोच ते क्लॅडा अंगठी: आयरिश वारशाचे दागिने पारखून घेताना

टॅरा ब्रोच म्हणजे कपड्याला पिनेने लावायचा, कड्याच्या आकाराचा प्राचीन आयरिश दागिना. तिची प्रत हातात आली की आधी ती उलटी करून पाहावी. मूळ ब्रोच डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिची मागची बाजूही नक्षीने भरलेली आहे, अंगावर घातल्यावर ती कुणाला दिसणार नव्हती तरीही. बाजारातल्या बहुतेक प्रतींची पाठ सपाट आणि कोरी असते. कारागिराने मूळ वस्तू किती निरखली आहे, ते इथेच कळतं.

टॅरा ही आयर्लंडच्या प्राचीन राजांची टेकडी, पण तिच्याशी या ब्रोचचा संबंध नाही. ती १८५० मध्ये मीथ परगण्यात बेटीस्टाउनला सापडली. जॉर्ज वॉटरहाउस या जवाहिऱ्याने ती विकत घेतली आणि राजांच्या टेकडीचं नाव तिला चिकटवलं. सोबतच्या कार्डावर ‘टॅराच्या राजांची ब्रोच’ असं छापलेलं असेल, तर बाकीचा मजकूरही तपासून घ्यावा. तिचा काळ इसवी सन ७०० च्या आसपासचा. कडं चांदीचं, सोन्याचा मुलामा दिलेलं, व्यास सुमारे ८.७ सेंमी. त्यावर पातळ पत्र्याला डाक देऊन बसवलेल्या सोन्याच्या बारीक तारा, शिवाय अंबर (झाडाचा जीवाश्म झालेला डिंक) आणि काच.

प्रती फसतात त्या या तारकामात. ओतीव प्रतीत तार नसतेच, फक्त तारेच्या आकाराचा उंचवटा असतो. त्याच्या कडा गोलसर होतात, खळगे भरून येतात. त्यात आकार ३-४ सेंमीवर आणला की एकमेकांत गुंतलेल्या प्राण्यांच्या जागी नुसती खरबरीत जाळी उरते. दहापट भिंगाखाली खऱ्या तारेचे पीळ सुटे दिसतात आणि तिच्या कडेला बारीक सावली पडते. असं काम महाग असतं, आणि ते असायलाच हवं. तेवढं बजेट नसेल तर अर्धवट टॅरा घेण्यापेक्षा कड्यात फट असलेली साधी ब्रोच घ्यावी. ती लावायलाही सोपी: पिन कापडातून आरपार काढायची, तिचं टोक फटीतून वर घ्यायचं आणि कडं थोडं फिरवायचं. टॅराचं कडं बंद असल्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही, म्हणून प्रतींना मागे वेगळी पिन जोडतात. तिची बिजागरी सैल आहे का, हे हलवून पाहावं. जाड पिन लोकरीला ठीक, रेशमाला भोक पाडते.

न्यूग्रेंज या आयर्लंडमधल्या प्राचीन थडग्यात कोरलेलं तिहेरी वलय ‘केल्टिक’ म्हणून विकलं जातं, ते चूक आहे. बॉइन खोऱ्यातलं हे थडगं इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे केल्टिक संस्कृतीच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधीचं. मूळ नक्षीत प्रत्येक वलय दुहेरी रेषेचं आहे: रेषा आत जाते आणि तिच्याच शेजारून बाहेर येते. पेंडंटवर एकेरी रेषेच्या तीन गुंडाळ्या असतील, तर ते न्यूग्रेंज नव्हे. चांदीत खोलगट रेषा मुद्दाम काळ्या केलेल्या असतात. असं पेंडंट चांदी उजळण्याच्या द्रावणात बुडवलं की तो काळेपणा जातो आणि नक्षी फिकी पडते. मऊ कापडाने फक्त उंचवटे पुसावेत.

ओगम या प्राचीन आयरिश लिपीतल्या नावाच्या पेंडंटमध्ये सर्वात जास्त चुका होतात. तिची अक्षरं म्हणजे एका रेषेवर किंवा तिच्या बाजूंना पाडलेल्या खाचा. मूळ अक्षरं २०, पाच-पाचांचे चार गट. शिलांवर ती सहसा खालून वर वाचतात. कडी चुकीच्या टोकाला लावली की उजवीकडच्या खाचा डावीकडे जातात आणि ‘ब’चा ‘ह’ होतो, ‘ल’चा ‘ड’. मूळ वीस अक्षरांत ‘प’ नाही, त्यामुळे पॅट्रिक लिहायचं तर नंतर भर पडलेलं चिन्ह वापरावं लागतं. ऑर्डर देण्याआधी अक्षरवार आराखडा कागदावर मागून घ्यावा.

क्लॅडा अंगठी, म्हणजे गॉलवेजवळच्या जुन्या कोळीवाड्याची दोन हात, हृदय आणि मुकुट असलेली अंगठी, रोज वापरायला सगळ्यात चांगली. मात्र मुकुटाची टोकं लोकरीत अडकतात, म्हणून ती बोट फिरवून तपासावीत. पुढचा भाग रुंद असेल तर नेहमीच्या मापाची अंगठी आवळते, तेव्हा तशाच रुंदीच्या अंगठीने माप घ्यावं. उजव्या हातात हृदयाचं टोक बोटांकडे असेल तर मन मोकळं, मनगटाकडे असेल तर गुंतलेलं. लग्न झालेले डाव्या हातात टोक मनगटाकडे ठेवून घालतात.

लिरची मुलं हंस होतात त्या आयरिश दंतकथेवरचं पेंडंट घ्यायचं तर हंस मोजावेत. कथेत फिनूला आणि तिचे तीन भाऊ असे चार हंस आहेत. माना जुळवून हृदय करणारी दोघांची जोडी म्हणजे निव्वळ सजावट.

आयर्लंडमध्ये तपासलेल्या सोन्या-चांदीवर डब्लिनच्या परीक्षण कार्यालयाचा, बसलेल्या हिबर्नियाचा (आयर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचा) ठसा असतो, सोबत निर्मात्याची किंवा विक्रेत्याची खूण आणि शुद्धतेचा आकडा: चांदीला ९२५, नऊ कॅरेटला ३७५, चौदा कॅरेटला ५८५. अंगठीत हे ठसे आतल्या बाजूला शोधावेत. तिथे नुसतं ‘आयर्लंड’ कोरलेलं असेल, तर त्यावरून धातूबद्दल काहीच कळत नाही.