लिब्रेऑफिसवर मराठी कामं: फुकट आहे, चांगलंय, पण आधी फॉन्टचं सेटिंग लावा

सरळच सांगते, लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर) टाकून घेणारे बरेच जण पहिल्या अर्ध्या तासातच वैतागतात आणि "शेवटी फुकट ते फुकटच" म्हणून परत वर्डकडे जातात. आणि त्यातल्या मराठी टाइप करणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, फॉन्ट बदलला तरी मराठी अक्षरं बदलत नाहीत, साइज १४ केली तरी मराठी तशीच बारीक आणि मधला इंग्रजी शब्द तेवढा टम्म फुगलेला. हे सॉफ्टवेअर बिघडलंय म्हणून होत नाही, एक सेटिंग लावलेलं नसतं म्हणून होतं. ते लावलं की पुढचं काम खरंच सोपंय, म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबला तर चालवून घ्या.

माझं काम काय तर सोसायटीची मानद सचिव. म्हणजे सभेची नोटीस, इतिवृत्त, मेंटेनन्सचा हिशोब, थकबाकीची पत्रं, आय आणि जे नमुन्याची सभासदांची रजिस्टरं, शेअर सर्टिफिकेट आणि गणपतीत कार्यक्रमपत्रिका पण आपल्याकडेच कारण "तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना ताई". सप्टेंबरअखेर वार्षिक सभा घ्यायचीच असते आणि नोटीस चौदा दिवस आधी लागायला हवी, त्यामुळे ऑगस्ट म्हणजे नुसतं टायपिंग. सगळं मराठीत, मध्ये मध्ये फ्लॅट नंबर आणि इंग्रजी नावं. हा असला खिचडी मजकूर हीच माझी परीक्षा होती.

आधी थोडक्यात हे काय प्रकरण आहे ते. पूर्वी ओपनऑफिस होतं आठवत असेल, सन कंपनीचं. २०१० मध्ये सन ओरॅकलने घेतली आणि त्याच वर्षी त्या प्रोजेक्टमधली बरीच मंडळी बाहेर पडून त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन काढलं आणि लिब्रेऑफिस सुरू केलं. वर्डच्या जागी रायटर, एक्सेलच्या जागी कॅल्क, पॉवरपॉइंटच्या जागी इम्प्रेस, शिवाय ड्रॉ, बेस आणि मॅथ. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. २०२४ पासून व्हर्जनचे आकडे वर्ष आणि महिन्यावरून असतात, म्हणजे २४.८ म्हणजे २०२४ चा ऑगस्ट, त्यामुळे आपलं व्हर्जन किती जुनं झालंय ते लगेच कळतं. वर्षाला पैसे भरा, लॉगिन करा असली भानगड नाही. जर्मनीतलं एक राज्य, श्लेस्विग-होल्स्टाइन, त्यांनी ३०,००० सरकारी कॉम्प्युटर यावर न्यायचं २०२४ मध्ये जाहीर केलं, तर आपली वीस-पंचवीस फ्लॅटची सोसायटी यावर आरामात चालेल.

आता ते सेटिंग. टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात लँग्वेजेस अँड लोकेल्स, त्यात जनरल. तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट असं लिहिलेलं असेल त्याच्यासमोर टिक करा आणि भाषा मराठी निवडा. प्रकार असा आहे की हे सॉफ्टवेअर मराठी-इंग्रजी मजकुराला दोन वेगळे फॉन्ट धरून चालतं, एक रोमन अक्षरांसाठी आणि एक देवनागरी-अरबीसारख्या लिपींसाठी, आणि दोघांची साइज, बोल्ड सगळं वेगवेगळं. टिक केली नसेल तर दुसरा रकाना तुम्हाला दिसतच नाही, आणि जे दिसत नाही ते बदलणार कुठून. टिक केल्यावर त्याच ऑप्शन्समध्ये लिब्रेऑफिस रायटरखाली बेसिक फॉन्ट्स सीटीएल (म्हणजे तेच कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) नावाचं नवीन पान उगवतं, तिथे मजकूर, हेडिंग, लिस्ट, कॅप्शन सगळ्यांना तुमचा मराठी फॉन्ट आणि साइज एकदाच देऊन टाका. कंस आणि पूर्णविरामासारखी चिन्हं शेजारच्या अक्षराची लिपी धरतात, म्हणून दोन्ही रकान्यांत एकाच घराण्याचा फॉन्ट ठेवला तर ओळी वरखाली उड्या मारत नाहीत. आणि हो, वर्डमध्येही फॉन्टच्या डायलॉगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स म्हणून वेगळा रकाना असतोच, तिथेही लोक याच कारणाने डोकं फोडतात, फक्त वर्डला कुणी नावं ठेवत नाही.

फॉन्ट कुठला घ्यावा? मंगल जुन्या विंडोजवर असतोच, विंडोज १० पासून मराठी भाषा जोडली की येतो, पण त्याची ओळ उंच, पानात मजकूर कमी बसतो आणि पत्र उगाच दुसऱ्या पानावर जातं. मी नोटिसांना "मुक्त" नावाचा फॉन्ट वापरते, मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्यांचा आहे, फुकट आहे, आणि त्याच घराण्यात रोमन अक्षरं पण आहेत त्यामुळे वरचा खिचडीचा प्रश्न मिटतो. कार्यक्रमपत्रिकेसारखं देखणं काही असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. फॉन्टवर माझं घरात कुणाशी पटत नाही, ते सोडा.

यानंतरची खरी गोष्ट म्हणजे स्टाइल्स. एमएससीआयटी केलेल्या, टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या लोकांना पण मी पाहिलंय, हेडिंग सिलेक्ट करायचं, बोल्ड करायचं, साइज वाढवायची, सेंटर करायचं, मग पुढच्या हेडिंगला परत तेच. आणि नवीन पान हवं तर एंटर एंटर एंटर. मग कुणीतरी सांगतं विषय क्रमांक ३ काढून टाका की सगळं पत्र घसरगुंडीवर. त्यापेक्षा एफ११ दाबा, उजवीकडे स्टाइल्सची पट्टी उघडते, हेडिंग १ वर राइट क्लिक करून एकदाच ते कसं दिसावं ते ठरवा, आणि मग लिहिताना कंट्रोल+१ दाबलं की हेडिंग, कंट्रोल+० दाबलं की साधा मजकूर. नवीन पानासाठी कंट्रोल+एंटर. इतिवृत्त असं लिहिलं की एफ५ दाबून सगळे ठराव एका यादीत दिसतात, पाहिजे त्यावर डबल क्लिक केलं की तिथे पोचलात, आणि अनुक्रमणिका इन्सर्ट मेनूतून आपोआप तयार होते. सभासदाने "तो पार्किंगचा ठराव कुठंय" विचारलं की दोन सेकंदात सापडतो, समोरचा गप्प. सगळं मनासारखं जमलं की फाइल मेनूतून टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा आणि सेव्ह करतानाच डीफॉल्टची टिक करा, नवीन फाइल उघडली की तीच मांडणी तयार.

दुसऱ्याने पाठवलेली फाइल साफ करायला पण इथे मजा येते. सगळं सिलेक्ट करून कंट्रोल+एम दाबलं की हाताने केलेलं बोल्ड-बिल्ड रंगबिंग निघून जातं. कंट्रोल+एच मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन्सची टिक करून शोधायच्या जागी ^$ टाका, बदलायची जागा रिकामी ठेवा, रिप्लेस ऑल, सगळ्या रिकाम्या ओळी गायब. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वेबसाइटवरून काही आणलं तर कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+व्ही ने पेस्ट करा, त्याचं फॉरमॅटिंग मागे लागून येत नाही. चार बोटं लागतात, कुणी ठरवलं हे देव जाणे, पण सवय होते.

मेनू पाठ करायची गरज नाही हे मला उशिरा कळलं. शिफ्ट+एस्केप दाबलं की एक शोधपट्टी येते, त्यात "वॉटरमार्क" वगैरे जे हवं ते इंग्रजीत टाइप करा, ती कमांड समोर. ज्यांना वर्डच्या रिबनची सवय आहे त्यांनी व्ह्यू मेनूत यूजर इंटरफेसमध्ये जाऊन टॅब्ड करून घ्या, बराचसा ओळखीचा चेहरा होतो. मेनू मराठीत पण करता येतात, इन्स्टॉल करताना कस्टम निवडून मराठी इंटरफेस घ्यावा लागतो. मी करून बघितलं आणि परत इंग्रजीवर आले, कारण अडलं की मदत शोधायची तर सगळे व्हिडिओ इंग्रजी मेनूची नावं घेऊन असतात. ज्यांना पहिल्यापासून शिकायचंय, म्हणजे घरातली मोठी माणसं, त्यांना मात्र मराठी मेनूच बरा.

"सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित" हे ज्यांना रोज लिहावं लागतं त्यांच्यासाठी ऑटोटेक्स्ट. तो मजकूर सिलेक्ट करून टूल्समधल्या ऑटोटेक्स्टमध्ये छोटं नाव देऊन ठेवायचं, मग ते छोटं नाव लिहून एफ३ दाबलं की पूर्ण मजकूर. मी पत्राचा अख्खा मायना आणि शेवटचं "आपला विश्वासू" सहीच्या जागेसकट ठेवलंय.

कॅल्कबद्दल फार सांगण्यासारखं नाही कारण एक्सेल येणाऱ्याला ते येतंच. लोकेल (म्हणजे देश-भाषेचं सेटिंग) इंग्लिश (इंडिया) ठेवा म्हणजे रुपयाचं चिन्ह आपोआप येतं आणि स्वल्पविराम लाखाच्या ठिकाणी पडतो. तक्त्यातून माहिती शोधून आणणारं एक्सलुकअप सूत्र २४.८ पासून आलंय, त्याआधीचं व्हर्जन असेल तर व्हीलुकअपवर भागवा. थकबाकीवरचं व्याज, उपविधीत ठरलेल्या दराने सरळ व्याज, एका खान्यात दर ठेवून सगळ्या सूत्रांना तिथूनच दिला की पुढच्या कमिटीने दर बदलला तरी एकच आकडा बदलायचा. मोठ्या मॅक्रोवाल्या एक्सेल फाइल्स असतील, अकाउंटंट लोकांच्या असतात तशा, तर त्या इथे नीट चालतील असं धरून चालू नका.

आता नाराजी. मेल मर्ज. थकबाकीची पत्रं नावानिशी काढायची असली की लागतंच, आणि इथे ते वर्डपेक्षा किचकट आहे, विझार्डच्या नादी लागलात तर दुपार गेली. त्यातल्या त्यात सोपा रस्ता असा: नावं-रकमांची फाइल कॅल्कमध्ये करा, पहिल्या ओळीत रकान्यांची नावं, मग रायटरमध्ये इन्सर्ट, फील्ड, मोअर फील्ड्स, डेटाबेस टॅब, तिथे ब्राउज करून ती फाइल जोडा. मग कंट्रोल+शिफ्ट+एफ४ ने वर तक्ता उघडतो, त्यातल्या रकान्याचं डोकं पकडून पत्रात सोडा. प्रिंट दिलं की फॉर्म लेटर छापायचं का विचारतं, हो म्हणा, आणि प्रिंटरऐवजी फाइल निवडा म्हणजे आधी डोळ्याखालून घालता येतं. एकदा जमलं की जमतं पण हे कुणालाही स्वतःहून सुचणार नाही.

दुसरी नाराजी वर्डच्या फाइलींची. साधी पत्रं छान उघडतात, पण तक्ते, टेक्स्ट बॉक्स आणि फॉर्म असलेली फाइल इकडून तिकडे गेली की काहीतरी सरकतंच. यात दोघांचाही हात आहे, पण सरकारी ऑफिसात बसलेल्या माणसाला ते समजावत बसणार कोण. ज्यात कुणी बदल करायचे नाहीत ते पीडीएफच पाठवा. एक्स्पोर्ट करताना हायब्रिड पीडीएफ असा ऑप्शन आहे, त्यात मूळ फाइल पीडीएफच्या पोटातच राहते आणि लिब्रेऑफिसमध्ये परत उघडून दुरुस्त करता येते, पुढच्या सचिवाला सोपवायला हे फार भारी आहे. बदल करायलाच पाठवायचं असेल तर फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट मध्ये जाऊन फॉन्ट एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच घालून द्या, निदान अक्षरं तरी तीच राहतील.

स्पेलचेकसाठी मराठीचं एक्स्टेंशन मिळतं. आहे म्हणून टाकायचं, पण आपल्याकडे घर, घरात, घरातल्या, घरातल्यांनासुद्धा असं चालू असतं त्यामुळे बरोबर शब्दांखाली पण लाल रेषा येतात. ऱ्हस्वदीर्घाची ढोबळ चूक पकडतं, तेवढ्यावर समाधान माना. बोलून टाइप करायचं तर ते यात नाही, मी लांब इतिवृत्त गूगल डॉक्समध्ये व्हॉइस टायपिंगने बोलते आणि मग त्या चार बोटांच्या पेस्टने इकडे आणते. आणि जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फाइली असतील तर हे काय आणि वर्ड काय, कुणीच त्या वाचू शकत नाही, तो फॉन्ट नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते, आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल असं मराठी) करून घ्यावंच लागतं आणि त्यानंतर जोडाक्षरं नजरेखालून घालायची.

वीज जाणारी गावं असतील त्यांनी ऑप्शन्समध्ये ऑटोरिकव्हरी दहा मिनिटांवरून दोन-तीनवर आणा आणि बॅकअप कॉपीची टिक आहे ना तेही बघा, २४.२ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये ती मुळात नसते.

ज्यांच्या ऑफिसात सगळे एकाच वर्ड फाइलवर एकाच वेळी काम करतात त्यांनी याच्या नादी लागू नये. एकट्याने मराठीत पत्रं, अहवाल, पुस्तकाचं हस्तलिखित, संस्थेचे हिशोब करणाऱ्यांनी जरूर घ्या. विंडोज ७ किंवा ८ वाला जुना कॉम्प्युटर असेल तर २५.८ आणि त्यापुढची व्हर्जन चालणार नाहीत, त्याच्या आधीचं २५.२ घ्या. आणि डाउनलोड लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या साइटवरूनच करा, मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर दिसतं ते त्याच फाउंडेशनचं आहे पण तिथे पैसे लागतात. द्यायचे असतील तर खुशाल द्या, मी साइटवरून घेऊन तिथेच थोडी देणगी दिली.