चेक इंजिनचा दिवा विझला आणि मी निर्धास्त झालो

माझी पेट्रोलवर चालणारी गाडी १८ वर्षांची आहे. थंड इंजिन सुरू करताना तिच्या खालून फटफट असा आवाज येऊ लागला आणि काही दिवसांत डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागला, म्हणून मी ती एका गॅरेजमध्ये नेली. तेथील मेकॅनिकने स्कॅनर जोडून पी०४२० हा कोड दाखवला, कॅटलिटिक कन्व्हर्टर (इंजिनच्या धुरातील विषारी वायू कमी घातक करणारा भाग) चोक झाल्याचे, म्हणजे आतून तुंबल्याचे, सांगितले, आणि तो आतून साफ करून पुन्हा बसवू, शिवाय मागचा सगळा पाइप व सायलेन्सर ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा आणि मोठ्या व्यासाचा करू, म्हणजे पिकअपही सुधारेल, असे आश्वासन दिले.

येथेच मी थांबायला हवे होते. हा कोड कन्व्हर्टर चोक झाल्याचे मुळीच सांगत नाही. कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे (धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या उपकरणाचे) मापन पुढच्या सेन्सरसारखेच वरखाली होत आहे, म्हणजे कन्व्हर्टर पुरेसे काम करत नसावा, एवढाच त्याचा अर्थ असतो. आणि सेन्सरच्या आधी पाइपला चीर असेल, तर तेथून आत ओढली जाणारी हवासुद्धा हे मापन बिघडवू शकते. खरोखर चोक झाला आहे का, हे पाहण्यासाठी पुढच्या सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावून दाब मोजतात. माझ्यासमोर तसे काहीही मोजले गेले नाही.

गाडी परत मिळाली तेव्हा दिवा विझलेला होता आणि आवाज भारदस्त झाला होता. मी समाधानाने पैसे दिले. दोन महिन्यांनी सिग्नलला थांबल्यावर गाडीत धुराचा वास येऊ लागला, लांबच्या प्रवासानंतर डोके दुखू लागले आणि प्रदूषण चाचणीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन दोन्ही मर्यादेबाहेर निघाले. दिवा मात्र लागला नाही.

दुसऱ्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली, मागचा सेन्सर काढला आणि त्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला. पोळ्यासारख्या जाळीचा जो सिरॅमिक ठोकळा तेथे असायला हवा, त्याचा एक तुकडाही उरलेला नव्हता. कवच वरच्या बाजूने, खालून दिसणार नाही असे कापून, ठोकळा काढून घेऊन पुन्हा वेल्ड केलेले होते. त्या ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो व त्यांच्यासाठीच तो भंगारातही चांगल्या किमतीला जातो, हे मला तेव्हा कळले. सेन्सर आणि पाइप यांच्यामध्ये एक छोटा स्पेसर, म्हणजे अंतर वाढवणारा तुकडा, घातला होता, त्यामुळे सेन्सरचे टोक वायूच्या थेट झोतातून बाहेर राहून त्याचे मापन शांत दिसत होते. दिवा दुरुस्तीमुळे विझला नव्हता. त्याला फसवण्यात आले होते, आणि त्याच्यामार्फत मला.

पाइपला लोहचुंबक घट्ट चिकटला. ३०४ स्टीलला तो सहसा चिकटत नाही. (४०९ प्रतीच्या स्टेनलेसला चिकटतो, त्यामुळे एवढ्याच परीक्षेवर कोणाला दोषी ठरवू नये.) माझ्या पाइपवर मात्र चंदेरी रंगाखाली साधे लोखंड होते आणि वेल्डिंगच्या कडेने गंज फुटू लागला होता.

सर्वांत संताप आला तो इंजिनजवळच्या फ्लेक्सिबल पाइपची चीर पाहून. सुरुवातीचा फटफट आवाज तिचाच होता. तिला कोणी हातही लावला नव्हता. नव्या सायलेन्सरच्या घुमणाऱ्या आवाजात ती फक्त ऐकू येईनाशी झाली होती. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि त्या दोन महिन्यांत मागच्या सीटवर माझी मुलगी कितीतरी वेळा झोपलेली होती.

असे काम करून घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, गाडी देण्यापूर्वी तिच्या खालच्या भागाचे फोटो काढा, कन्व्हर्टरच्या कवचावर कोरलेला क्रमांक लिहून ठेवा, आणि एखादा भाग बदलायचा असेल तर काढलेला जुना भाग तुम्हाला परत मिळेल असे आधीच लेखी ठरवा. अनेक देशांत कन्व्हर्टर काढून गाडी रस्त्यावर चालवणे बेकायदेशीर आहे, आणि जबाबदारी मालकावर येते.

मी त्या गॅरेजमध्ये परत गेलो, तेव्हा कन्व्हर्टर आधीपासूनच रिकामा होता, असे मला सांगण्यात आले. माझ्याकडे जुना फोटो नव्हता, आणि पावतीवर "सायलेन्सर काम" एवढे दोनच शब्द लिहिलेले होते.