पहिला एचडी टीव्ही: ३२ इंची, ४३ इंची फुल एचडी की ४३ इंची फोरके?

जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही काढून पहिल्यांदाच सपाट पडद्याचा टीव्ही घ्यायचा आहे आणि हातात दहा ते पंचवीस हजार रुपये आहेत. अशा वेळी दुकानात मॉडेल पन्नास दिसली तरी निवड खरं म्हणजे तिघांतच असते: ३२ इंची एचडी रेडी, ४३ इंची फुल एचडी आणि ४३ इंची फोरके (ही नावं पडद्यावरच्या ठिपक्यांची चढती संख्या सांगतात). पहिला साधारण नऊ ते चौदा हजारांत मिळतो, दुसरा सतरा ते बावीस हजारांत, तिसरा वीस ते तीस हजारांत. गणेश चवथीच्या आणि दिवाळीच्या आधी हे भाव हलतात, पण तिघांमधलं अंतर साधारण एवढंच राहतं.

माझं मत आधीच सांगते. टीव्ही बसायच्या खोलीत लागणार असेल आणि बजेट ताणता येत असेल, तर ४३ इंची घ्या. तो फुल एचडी असावा की फोरके, हा प्रश्न अगदी शेवटी सोडवायचा. दुकानात मात्र सगळी चर्चा त्यापासूनच सुरू होते.

‘बजेट कमी तर ३२ इंची’ हा सल्ला इतकी वर्षं चालला त्याला करांचंही कारण होतं. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के जीएसटी होता आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे टीव्हीही १८ टक्क्यांत आले. त्यामुळे शेजाऱ्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी घातलेलं गणित आज तसंच्या तसं लागू होत नाही.

आकार आणि बसायचं अंतर

टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके मोजतात. ३२ इंची पडदा सुमारे २८ इंच रुंद आणि पावणेसोळा इंच उंच असतो. ४३ इंची पडदा साडेसदतीस इंच रुंद आणि २१ इंच उंच. क्षेत्रफळ काढलं तर दुसरा पहिल्याहून ८० टक्क्यांनी मोठा भरतो. अकरा इंचांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, भिंतीवर तो तसा नसतो.

घरी जुना २९ इंची टीव्ही असेल त्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. तो जवळजवळ चौकोनी होता, त्यामुळे त्यातल्या चित्राची उंची सोळा-सतरा इंच होती. नवा ३२ इंची टीव्ही रुंद असला तरी उंचीला जुन्याइतकाच, किंवा किंचित कमीच. जुने चित्रपट, जुनी नाटकं लावली की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि चित्र पूर्वीपेक्षा लहान दिसतं. मग कोणीतरी रिमोटने चित्र ताणतं आणि सगळी माणसं जाडी दिसू लागतात. २१ इंचीवरून येणाऱ्यांना मात्र ३२ इंची नक्कीच मोठा वाटेल.

आता स्पष्टपणाबद्दल. एचडी रेडी म्हणजे सहसा १३६६ गुणिले ७६८ ठिपके, फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० (फोरकेत याच्या चौपट). कागदावर दुसरा दुप्पट स्पष्ट वाटतो. पण ३२ इंचीवर एका ठिपक्याची रुंदी सुमारे ०.५२ मिलिमीटर पडते आणि ४३ इंची फुल एचडीवर ०.५० मिलिमीटर, म्हणजे ठिपका जवळपास तेवढाच. तुम्ही ४३ इंची फुल एचडी घेता तेव्हा त्याच बारकाईचं, पण मोठं चित्र घेता. म्हणूनच ‘३२ इंचीत फुल एचडीच हवा’ म्हणून हजार-दोन हजार जास्त मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. त्या पैशांत दोन इंच जास्त मिळत असतील तर ते घ्या.

चांगल्या नजरेच्या माणसाला अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका साधारण साडेपाच फुटांपर्यंतच वेगळा ओळखता येतो. गोव्यातल्या जुन्या घरांत बसायची खोली लांबट असते. सोपा, म्हणजे सोफा, एका भिंतीला, टीव्ही समोरच्या भिंतीला, मध्ये आठ-नऊ फूट सहज. पणजी-मडगावच्या फ्लॅटमध्येही सहा-सात फूट असतंच. एवढ्या अंतरावरून ४३ इंचीवर फुल एचडी आणि फोरके यांतला ठिपक्यांचा फरक डोळ्यांना कळत नाही. दुकानात कळतो, कारण तिथे आपण दोन फुटांवर उभे असतो.

तेव्हा घरी फूटपट्टी घेऊन मोजा. सोप्याच्या पाठीपासून पडद्यापर्यंत साडेपाच फुटांपेक्षा कमी अंतर असेल, म्हणजे झोपायची खोली किंवा भाड्याची छोटी खोली, तर ३२ इंची पुरेसा आहे. सहा फुटांच्या पुढे ४३ इंची. वयस्क माणसं बातम्यांची खालची पट्टी वाचत असतील तर तो नक्कीच.

घरात येतं काय?

टीव्ही कितीही चांगला असला तरी तारेतून येतं तेवढंच तो दाखवणार. घरी डीडी फ्री डिश असेल तर त्यावरच्या बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या आहेत. साध्या दर्जाचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं. ते फुल एचडीवर पाचपट ताणलं जातं आणि फोरकेवर वीसपट. स्वस्त फोरके टीव्हीला हे ताणण्याचं काम नीट जमत नाही, त्यामुळे सह्याद्रीवरचा कार्यक्रम ३२ इंचीपेक्षा त्यावर अधिक पुसट दिसू शकतो. फक्त फ्री डिशच पाहणाऱ्या घराने म्हणूनच ३२ इंची घेतला तर ती काही तडजोड नव्हे, ती योग्य निवड आहे.

केबल किंवा डीटीएच असेल तर झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या आहेत. त्यासाठी एचडी सेट-टॉप बॉक्स आणि वेगळा पॅक लागतो, तो खर्च आधीच धरून चाला. आणि एक कळकळीची विनंती: बॉक्स एचडीचा असेल तर तो एचडीएमआय तारेनेच जोडा. जुन्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारेतून एचडी चित्र जातच नाही. नवा टीव्ही, नवा बॉक्स, महिन्याला एचडीचे पैसे आणि मध्ये जुनी पिवळी तार, अशी घरं खूप आहेत. उलट बॉक्स जुनाच ठेवणार असाल तर नव्या टीव्हीला पिवळ्या तारेची जागा आहे का, हे घेण्याआधी पाहा. हल्ली अनेक मॉडेलांत ती नसते, छोटा अडॅप्टर लागतो.

फोरकेचा खरा उपयोग इंटरनेटवरून पाहणाऱ्यांना. यूट्यूबवर फोरके व्हिडिओ भरपूर आहेत, पण त्यासाठी नेट स्थिर आणि वेगवान हवं, १५ ते २५ एमबीपीएस तरी. नेटफ्लिक्सवर फोरके फक्त सर्वांत महागड्या प्लॅनमध्ये मिळतं आणि मोबाइलचा स्वस्त प्लॅन तर टीव्हीवर चालतच नाही. घरात फायबर असेल आणि मुलं पाहणार असतील तर फोरकेला दोन-तीन हजार जास्त द्यायला हरकत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचा असेल तर ते पैसे इतरत्र लावा.

हे ‘इतरत्र’ म्हणजे पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, आणि आवाज.

बाजूला बसणाऱ्यांचा टीव्ही

स्वस्त एलईडी टीव्हीत मुख्यतः दोन प्रकारचे पॅनल असतात, आयपीएस आणि व्हीए. आयपीएसमध्ये बाजूने पाहिलं तरी रंग बरेचसे टिकतात, पण काळा रंग करडा दिसतो. व्हीएमध्ये काळा खरोखर काळा दिसतो, कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, आयपीएसच्या तीन-चारपट असतो, पण समोरून बाजूला सरकलं की रंग फिके पडतात.

रात्री दिवा मालवून एकट्याने किंवा दोघांनी चित्रपट पाहायचा असेल तर व्हीए. पण आपल्याकडे फुटबॉलचा सामना असेल त्या रात्री सोप्यावर तिघे, खुर्च्यांवर चौघे, दारात दोघे आणि मुलं जमिनीवर असा मामला असतो. चवथीला तर अख्खं घर भरलेलं. त्यात निम्मी माणसं बाजूनेच पाहतात. अशा घरात मी आयपीएस घेईन, काळा थोडा करडा दिसला तरी चालेल.

खोक्यावर पॅनलचा प्रकार क्वचितच लिहिलेला असतो आणि एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार येऊ शकतात. म्हणून दुकानात टीव्ही चालू असताना एका बाजूला सरका, तिरपे उभे राहून माणसांच्या चेहऱ्यांचा रंग बघा, मग खाली बसून बघा. चेहरे पांढुरके पडले तर व्हीए. ‘ए प्लस ग्रेड पॅनल’ या स्टिकरकडे दुर्लक्ष करा. त्यामागे सगळ्या कंपन्यांना बांधील असा कुठलाही मापदंड नाही. एचडीआरचंही, म्हणजे उजेड-अंधारातला फरक अधिक ठळक दाखवण्याच्या सोयीचंही, या किमतीत तसंच. त्यासाठी लागणारा उजेड या पडद्यांत नसतो.

आवाजाबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल, कारण आपल्याकडे पाऊस आहे. जून ते सप्टेंबर पत्र्यावर किंवा कौलांवर पाऊस कोसळत असताना १६ वॅटच्या स्पीकरमधून मालिकेतले संवाद ऐकू येत नाहीत. आणि सपाट टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, जुन्यासारखे समोर नाहीत. २० वॅट किमान धरा, ३० मिळाला तर उत्तम. फोरकेऐवजी फुल एचडी घेऊन वाचलेल्या तीन-चार हजारांत छोटा साउंडबार येतो. पावसाच्या चार महिन्यांत घराला त्याचा फायदा ठिपक्यांपेक्षा कितीतरी जास्त होईल.

भिंत, ओल आणि वीज

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीत टीव्ही लटकवायचा असेल तर आखूड स्क्रू चालत नाहीत. चिरा सच्छिद्र आणि तुलनेने मऊ असतो, जुन्या घरांत वर मातीचा गिलावाही असतो. लांब फास्टनर लावणारा माणूस पाहा. ३२ इंची चार-पाच किलोंचा असतो, ४३ इंची सात-आठ किलोंचा. पावसात जी भिंत घाम फोडते तिला टीव्ही चिकटवू नका, मागे दोन-तीन इंच हवा खेळू द्या. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेने मागची तोंडं गंजतात. पाली तर उबेला टीव्हीच्या मागे हमखास जातात. शिवाय गणपती त्याच खोलीत बसत असेल तर माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची आरास, बांधायच्या वेळी टीव्ही हलवावा लागणार. अशा घराला भिंतीपेक्षा स्टँड बरा, आणि तेव्हा स्टँडचे पाय टेबलावर मावतात का तेही मोजून घ्या. ४३ इंचीचे पाय बरेच दूरदूर असतात.

विजेच्या बिलाची भीती नको. दिवसाला पाच तास धरले तर ४५ वॅटचा ३२ इंची महिन्याला पावणेसात युनिट खातो, ९० वॅटचा ४३ इंची फोरके साडेतेरा. फुल एचडी या दोघांच्या मध्ये.

भीती आभाळातल्या विजेची आहे. दुकानदार स्टॅबिलायझर विकायला बघतो, पण आजच्या बहुतेक टीव्हींचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे कमी दाबाने सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते अचानक येणाऱ्या उसळीने. त्यासाठी चांगला सर्ज प्रोटेक्टर घ्या आणि त्याआधी घराची अर्थिंग तपासा, कारण अर्थिंग नसेल तर तो अर्धाच उपयोगी. मे महिन्याच्या अखेरीस गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, आणि छपरावरच्या डिशची तारही काढा. नुसता प्लग काढला आणि डिशची तार राहिली, तर तिथून आलेली उसळ बॉक्समधून एचडीएमआयवाटे टीव्हीत शिरते.

स्मार्ट टीव्हीबद्दल फार लिहायचं नाही. १ जीबी रॅमचा टीव्ही वर्षभरात रेंगाळायला लागतो, जमलं तर २ जीबीचा घ्या. नाही जमलं तरी पॅनल चांगला असलेला टीव्ही सोडू नका. पुढे कधीही इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी स्टिक लावता येते, पॅनल बदलता येत नाही.

पॅनल तुटला तर दुरुस्तीचा खर्च जवळपास नव्या टीव्हीएवढा येतो आणि तडा गेल्यास वॉरंटी लागू होत नाही. ऑनलाइन मागवत असाल तर पोचवणाऱ्यासमोरच खोकं उघडून टीव्ही लावून पाहा. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा दाखवणारी चित्रं पेन ड्राइव्हवर ठेवली की मेलेला ठिपका किंवा कोपऱ्यातला डाग लगेच दिसतो. पॅनलची वॉरंटी एक वर्षाची की दोन, हे बिलावर लिहून घ्या. सत्तरी, पेडणे, काणकोण अशा शहरांपासून दूरच्या तालुक्यांत राहणाऱ्यांनी कंपनीच्या सेवा क्रमांकावर खरेदीआधीच फोन करून विचारावं, की माणूस आमच्या गावात येतो का आणि किती दिवसांत. स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर हजारभर रुपये जास्त देऊन ती कंपनी घ्या, जिचा माणूस येतो.